चारशे टक्के

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, चादरींच्या गोदामावर
पत्र्याची खोली. मे महिना.
कूलर कॉम्प्युटरसाठी आहे,
वारा चुकून माझ्याकडं येतो.

मालकाचं एकच म्हणणं : फोटो मोठा पाहिजे.
गिऱ्हाईक तिकडं गुवाहाटीत लोळत पडलेलं असतं,
काचेवर दोन बोटं फाकवतं
आणि थेट धाग्यात उतरतं.
हात लावता येत नाही ना,
म्हणून डोळ्यांनी चाचपतात लोक.

त्यांच्या आधी मी उतरतो.
शंभर टक्के : चादरीवर मोर.
दोनशे : मोराच्या मानेला निळे जिने.
तीनशेला डोळा जातो, चोच जाते,
आणि चारशेला मोर कुठाय विचारू नका,
नुसते चौकोन,
एकाला दुसऱ्याची ओळख नसलेले.

तिथंच कुठंतरी सापडते गाठ.
दोरा तुटलेला, कुणीतरी जोडलेला.
शेजारचा धड दोरा उचलायचा,
गाठीवर शिक्का मारायचा, संपलं.
अकरा महिन्यांत किती पुसल्या
मोजलं नाही. पगार फोटोवर आहे, गाठीवर नाही.

पेंटप्पा मास्तर चहाला येतात, रोज चारला.
चाळीस वर्षं जकार्डचे नक्षे काढले त्यांनी,
आता घरी बसून सुनेला नको झालेत.
त्या दिवशी चारशेवर सोडून मी बशी शोधत होतो.
मागून आवाज आला,
"हा माझा ग्राफ हाय की बे!"

खुर्ची ओढली. नख काचेवर ठेवलं.
एक चौकोन, एक दोरा. एक दोरा, कार्डात एक भोक.
त्यांचे ओठ तेलुगूत मोजत होते,
मोजताना ते नेहमी घरचे होतात.
मग नख थांबलं.
"हितं दोन दोरे जुळे आलेत.
मागावर असं होत नाही. काय केलंस?"

सांगितलं.
"काढ ते. दाखव."

मी मागं गेलो, एक पाऊल.
गाठ वर आली,
मिठाच्या खड्याएवढी.

मास्तर जवळ सरकले.
"गंगाधरची हाय. डावखुरा.
शेपूट कुठं गेलंय बघ.
रातपाळीला असणार, घाईत मारलीय."
जणू दारातून हाक मारली
आणि तो आतून ओ म्हणाला.

चहावर साय धरली.
मास्तरांनी खिशातून घडीचं पितळी भिंग काढलं,
इंचात धागे किती ते बघायचं,
आणि कापडावर टेकवावं तसं
स्क्रीनवर टेकवलं.
एक डोळा मिटला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काय बे हे.
तांबडा, हिरवा, निळा. तांबडा, हिरवा, निळा.
तिघांवरच भागवता?
या मोराला मला सात लागले होते.
आणि पांढरा कुठाय?"
"पांढरा नसतोच, मास्तर.
तिन्ही पेटले की पांढरा दिसतो."
"दिसतो," ते म्हणाले.
पुढं काही नाही. नुसतं, "दिसतो."

भिंग सरकत सरकत गेलं
डाव्या कोपऱ्यात, खाली,
जिथं दोन वर्षांपासून एक काळा ठिपका आहे.
मी त्याला धूळ समजून आधी पुसायचो,
मग सवय झाली.

"हितं तुटलाय."
"हो."
"मग जोडतं कोण?"

खाली गोदामात टेम्पो मागं घेत होते,
घ्या, घ्या, अजून घ्या, बास.

"कोणी नाही, मास्तर.
अख्खा स्क्रीनच बदलतात."

त्यांनी भिंगाची घडी केली.
चहा गारच प्याले.
मी फोटो तसाच पाठवून दिला, गाठीसकट.